जुन्या चर्चचे खरे रूप कोणते?



गावातले जुने प्रार्थनामंदिर दुरुस्त करायचे ठरले की बैठकीत दोन मते हमखास निघतात. एक म्हणते, "पाडा आणि नवीन बांधा." दुसरे म्हणते, "आहे तसेच राहू द्या, वाडवडिलांची आठवण आहे." अलीकडे त्यात तिसऱ्या मताची भर पडली आहे. ते म्हणते, "वरचा रंग, वरचा गिलावा, नंतर घातलेले सगळे खरवडून काढा. आतला मूळ दगड दिसू द्या. तेच या वास्तूचे खरे रूप."

ऐकायला हे तिसरे मत सर्वांत आदराचे वाटते. यात पाडापाडी नाही, नवेपणाचा हव्यास नाही. उलट, जे मूळ आहे त्याकडे परत जाण्याची ओढ आहे. पण मूळ म्हणजेच खरे, असे आपण धरून चालतो ते बरोबर आहे का? जुन्या वास्तूशी प्रामाणिक राहायचे म्हणजे नेमके काय करायचे? हा प्रश्न केवळ इंजिनिअरचा नाही, तो सदसद्विवेकाचाही आहे. आज एका प्रसिद्ध चर्चच्या भिंतीच्या निमित्ताने त्यावर थोडा विचार करू या.

लाल भिंतींची बासिलिका

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिका आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी तिचे छायाचित्र नक्की पाहिले असेल. येशूसंघाच्या धर्मगुरूंनी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी या चर्चची पायाभरणी केली. आपल्या सिंदखेड राजा येथे जिजाऊंचा जन्म झाला त्याच्या सुमारे तीन वर्षे आधीची ही गोष्ट. १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेश द मेनेझिस यांच्या हस्ते चर्चचा अभिषेक झाला. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष पुढे येथेच ठेवण्यात आले. १९४६ साली चर्चला बासिलिकेचा दर्जा मिळाला आणि १९८६ साली गोव्याच्या इतर चर्चेस व मठांसह त्याची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. संतांच्या अवशेषांचे दर्शन साधारणपणे दर दहा वर्षांनी होते. मागचा दर्शनसोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला.

या चर्चच्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. दर्शनी भागावरच्या नक्षीकामासाठी काळा दगड वापरला आहे आणि तो वसईकडून आणला होता, असे सांगतात. वरच्या भागात येशूच्या नावाची आय-एच-एस ही अक्षरे कोरलेली आहेत. गोव्यातील इतर चर्चेस दुरून पांढरीशुभ्र दिसतात, ही मात्र तांबूस, उघडी, पावसाने काळवंडलेली. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते, हीच सर्वांत जुनी आणि हीच सर्वांत अस्सल.

पण हा लाल चेहरा चर्चच्या बांधकामाइतका जुना नाही. जवळजवळ साडेतीनशे वर्षे या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. जुनी छायाचित्रे आणि चित्रे यांत ती गिलाव्यासह दिसते. हा गिलावा १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षांत, मुद्दाम काढून टाकण्यात आला. ते काम बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली झाले. त्यामागचा एक हेतू चर्च अधिक जुनी दिसावी हा होता, असे अभ्यासक सांगतात.

ही कल्पना आली कुठून?

कास्त्रो हे काही चर्चचे शत्रू नव्हते. पोर्तुगालमध्ये सरकारी इमारती व राष्ट्रीय स्मारके यांची काळजी घेण्यासाठी १९२९ साली एक खाते स्थापन झाले होते. त्यातील स्मारकांच्या विभागाचे ते प्रमुख अधिकारी होते. उत्तर पोर्तुगालमधील शेकडो वर्षांपूर्वीची गावोगावची चर्चेस दुरुस्त करणे हे या खात्याचे मोठे काम होते.

ही चर्चेस ज्या शैलीची आहेत तिला रोमनेस्क म्हणतात. प्राचीन रोमनांच्या बांधकामावरून हे नाव पडले. युरोपात अकराव्या-बाराव्या शतकांत ती बहरली, पोर्तुगालमध्ये ती आणखी काही काळ टिकली. जाड भिंती, अर्धगोल कमानी, लहान खिडक्या, आत मंद उजेड आणि डोक्यावर अर्ध्या पिंपासारखे दगडी छत अशी तिची ढोबळ ओळख सांगता येईल. दगडी छताचा भार पेलायचा म्हणून भिंती जाड आणि भिंती कमजोर होऊ नयेत म्हणून खिडक्या लहान, असा तो साधा हिशेब होता. आपल्याकडे ज्या शतकांत हेमाडपंती म्हणून ओळखली जाणारी देवळे उभी राहत होती, साधारण त्याच काळातली ही गोष्ट. आपल्या कारागिरांनी खांब आणि तुळया यांवर भर दिला, तिकडच्या कारागिरांनी कमानीवर. पण दगड घडवणारे हात दोन्हीकडे सारखेच कष्टाळू होते.

पुढच्या सात-आठशे वर्षांत त्या चर्चेसमध्ये साहजिकच बदल झाले. कोणी मोठी खिडकी पाडली, कोणी सोनेरी कोरीव वेदी बसवली, कोणी भिंतींना चुना दिला. विसाव्या शतकात सरकारी खात्याने ठरवले की हे सगळे नंतरचे ओझे आहे आणि पोर्तुगाल राष्ट्राच्या जन्मकाळचे शुद्ध रूपच जगाला दिसले पाहिजे. मग वेद्या उतरवण्यात आल्या, गिलावे खरवडण्यात आले, राखी दगड उघडा करण्यात आला. जे सापडले नाही ते अंदाजाने नवे घडवून बसवण्यात आले. पासु द सोझा येथील मठाचे चर्च हे त्याचे एक उदाहरण. पोर्तुगालच्या पहिल्या राजाचे पालक एगास मोनिझ यांची कबर तेथे आहे. १९२७ साली त्या चर्चला आग लागली आणि त्यानंतर त्याच खात्याने त्याची पुनर्बांधणी केली. आज ते एक धर्मग्रामाचे चर्च आहे.

येथे थोडे थांबू या. ज्या वेद्या 'नंतरच्या' म्हणून काढल्या, त्यांच्यापुढे गावातल्या कित्येक पिढ्यांनी गुडघे टेकले होते. त्यांचे बाप्तिस्मे, विवाह, अंत्यविधी त्यांच्यासमोर झाले होते. पहिल्या शंभर वर्षांतल्या माणसांची श्रद्धा खरी आणि पुढच्या सातशे वर्षांतल्या माणसांची श्रद्धा म्हणजे कचरा, असे कोणी उघडपणे म्हटले नसते. पण दगडांच्या भाषेत तेच म्हटले गेले.

दुसरी गंमत अशी की रोमनेस्क काळातील कारागीर स्वतः दगड उघडा ठेवण्याचा आग्रह धरत नव्हते. अनेक चर्चेसच्या भिंती आतून चुन्याने लिंपलेल्या आणि रंगीत चित्रांनी सजवलेल्या असत. म्हणजे ज्या उघड्या दगडाला आपण 'मूळ' म्हणतो, तो कित्येकदा बांधणाऱ्यांनी कधी पाहिलेलाही नव्हता. त्याची आवड आधुनिक माणसाची आहे. आपली आवड आपण पूर्वजांच्या नावावर खपवतो आणि वर तिला प्रामाणिकपणा म्हणतो.

हा वाद नवा नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक यांनी १८४० पासून वेझले येथील रोमनेस्क चर्चची दुरुस्ती केली. वास्तूला तिचे परिपूर्ण रूप द्यावे, मग ते पूर्वी कधी प्रत्यक्षात नसले तरी चालेल, असे त्यांचे मत होते. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन यांनी १८४९ साली याच्या अगदी उलट भूमिका घेतली. अशी दुरुस्ती म्हणजे खोटेपणा आहे, वास्तू बांधणाऱ्यांची आणि पुढे येणाऱ्यांची असते, आपली नसते, असे ते सांगत. १८७७ साली विल्यम मॉरिस यांनी तर खरवडण्याच्या विरोधात एक संस्थाच काढली. शेवटी १९६४ साली व्हेनिस येथे तज्ज्ञांनी एक सनद तयार केली. जुन्या वास्तूत प्रत्येक काळाने घातलेली भर आदराने जपावी, एकाच काळाचे शुद्ध रूप मिळवणे हे दुरुस्तीचे ध्येय नव्हे, असे तिचे सार आहे.

ग्रॅनाइट आणि जांभा

पोर्तुगालमध्ये जे घडले त्यात निदान भिंती तरी टिकल्या, कारण तिकडचा दगड ग्रॅनाइट, अत्यंत कठीण. तोच नियम गोव्याला लावला तेव्हा मात्र घात झाला. जांभा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेत हळूहळू टणक होतो, पण सच्छिद्रच राहतो. पाणी त्यात मुरते. गोव्यात पावसाळ्यात जवळपास ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या तिपटीहून अधिक. अशा पावसात उघडा जांभा दरवर्षी थोडाथोडा झिजतो.

जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी चुन्याचा गिलावा दिला. चुना पाऊस स्वतःवर झेलतो आणि भिंतीत शिरलेल्या ओलीला बाहेर जायला वाट ठेवतो. तो स्वतः झिजतो, भिंत वाचते. काही वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो, कारण झिजणे हेच त्याचे काम आहे.

गेली काही वर्षे बॉम जेझूच्या भिंतींची झीज हा गोव्यात चिंतेचा विषय झाला आहे. २०२० साली तर पाणी आत झिरपण्याचा प्रश्न बासिलिकेच्या रेक्टरांनी पुरातत्त्व खात्याकडे जाहीरपणे मांडला. पुन्हा गिलावा द्यावा अशी मागणी होत आहे. दुसरे म्हणतात, नको, तिचे हे लाल रूपच आता आमच्या मनात बसले आहे.

शुभ्र केलेल्या कबरी?

एखादा वाचक येथे विचारील, "प्रभू येशूने तर परूश्यांना चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली होती. बाहेरून शुभ्र, आतून हाडे. मग चुना काढून टाकणे हेच खरेपणाचे नाही का?"

प्रश्न रास्त आहे. पण प्रभूचा राग चुन्यावर नव्हता, आतल्या कुजण्यावर पांघरूण घालण्यावर होता. आपल्याकडचे मातीचे घर आठवा. पावसाळा सरला की भिंतींच्या भेगा लिंपायच्या, पांढऱ्या मातीने भिंती पोतारायच्या, जमीन सारवायची. आपल्या आया-आज्यांनी हे वर्षानुवर्षे केले. त्या घराला कोणी ढोंगी म्हटले नाही. उलट, न सारवलेले घर पाहून लोक म्हणत, "या घरात लक्ष देणारे कोणी उरले नाही वाटते." तो हात भिंत लपवण्यासाठी फिरत नव्हता, राखण्यासाठी फिरत होता.

तेव्हा प्रश्न गिलावा आहे की नाही हा नाही, तो कशासाठी आहे हा आहे. लपवण्यासाठी दिलेला गिलावा खोटा. राखण्यासाठी दिलेला गिलावा खरा. आणि याच कसोटीवर उघडी भिंतसुद्धा खोटी ठरू शकते. आहोत त्याहून जुने दिसावे म्हणून भिंत उघडी केली तर ते ढोंगच आहे, फरक एवढाच की ते अंगावर काही न घालता केलेले आहे. गरिबीचे प्रदर्शन करणारा उपवासी आणि श्रीमंतीचे प्रदर्शन करणारा दानशूर, दोघांनाही प्रभूने एकाच मापाने मोजले होते.

मग लाल रूपाचे काय?

आता सर्वांत अवघड भाग. प्रत्येक काळाची भर जपावी, असे वर म्हटले. मग गेल्या सत्तर वर्षांचे लाल रूप हीसुद्धा एक भरच नव्हे काय? आज साठीत असलेल्या भाविकाने जन्मापासून बासिलिका लालच पाहिली आहे. आपण पुन्हा चुना दिला तर त्याची आठवण पुसत नाही काय? कास्त्रो यांनी जे केले तेच आपण उलट्या दिशेने करत नाही काय?

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. चुना दिला तर काहीतरी खरोखरच हरवेल, हे आधी मान्य केले पाहिजे. पण दोन गोष्टींत फरक आहे. काही थर वास्तूला धरून ठेवतात, काही थर तिला खातात. जुनी वेदी वास्तूला खात नव्हती. उघडेपणा मात्र जांभ्या दगडाला दर पावसाळ्यात खातो. आपल्या आठवणीखातर वास्तू झिजू द्यायची, म्हणजे पुढच्या पिढीच्या ताटातले उचलून आपण खाल्ल्यासारखे होईल. शिवाय चुना दिला तरी खालचा दगड तेथेच राहतो. उद्या कोणाला वेगळे योग्य वाटले तर वाट खुली राहते. झिजून गेलेला दगड मात्र परत येत नाही. जे पुन्हा फिरवता येते ते करताना चूक झाली तरी सुधारता येते, हे धोरण वास्तूला लागू पडते तसे माणसांनाही लागू पडते.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण घ्या. २०२४ साली सिंदखेड राजा येथे लखुजी जाधवरावांच्या छत्रीच्या जतनाचे काम पुरातत्त्व खाते करीत होते. त्या वेळी जवळच जमिनीखाली एका जुन्या देवळाचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली. देऊळ आधीचे आणि छत्री नंतरची. म्हणून कोणी म्हणेल काय, की छत्री नंतरची असल्याने पाडावी? मुळीच नाही. जुने हे नव्याचा शत्रू म्हणून सापडत नाही. दोन्हींना आपापली जागा आहे आणि दोन्हींची काळजी घेणारे आपणच आहोत.

सांभाळणे म्हणजे काय?

दरवर्षी ९ नोव्हेंबरला आपली ख्रिस्तसभा रोममधील लॅटरन बासिलिकेच्या समर्पणाचा सण साजरा करते. ते चर्च ३२४ साली समर्पित झाले. त्यानंतर त्याने भूकंप सोसला, चौदाव्या शतकात १३०८ आणि १३६१ अशा दोन मोठ्या आगी सोसल्या. आतला आजचा भाग सतराव्या शतकात बोरोमिनी यांनी घडवला, दर्शनी भाग १७३५ साली उभा राहिला. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातल्या माणसाला आज ते चर्च ओळखूही येणार नाही. तरीही आपण ३२४ सालच्याच चर्चचा सण साजरा करतो आणि त्यात काही खोटे नाही. कारण प्रत्येक पिढीने ते आधीच्या पिढीकडून घेतले, पडलेले उचलले आणि पुढे दिले. चर्चची ओळख या न तुटलेल्या हस्तांतरणात आहे.

प्रभूने सांगितलेली रुपयांची गोष्ट आपण सर्वजण जाणतो. धन्याने दिलेला रुपया एका चाकराने जमिनीत पुरून ठेवला आणि जसाच्या तसा परत केला. 'मूळ' जपण्याच्या दृष्टीने पाहिले तर त्याच्याइतका चोख कोणीच नव्हता. तरीही बोलणी त्यालाच बसली. दिलेले जसेच्या तसे पुरून ठेवणे म्हणजे सांभाळणे नव्हे, असाच त्या गोष्टीचा अर्थ घ्यावा लागतो.

म्हणून आपल्या भागातले एखादे लहान प्रार्थनामंदिर, जुना क्रूस किंवा कबरस्तानाची भिंत दुरुस्त करायची वेळ आली तर काही साध्या गोष्टी मनात ठेवू या. आधी दगड-माती कोणती आहे ते जाणत्या गवंड्याला विचारावे. परगावी शोभले म्हणून आपल्याकडे शोभेल असे नाही. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापण्यापूर्वी दहादा विचार करावा, कारण सिमेंट ओल आत कोंडते आणि भिंत आतून खराब होते. काही काढायचेच असेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारावे, की हे कोणी, कधी, कशासाठी बसवले होते. काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे आणि काढलेले जपून ठेवावे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे मोठ्या जीर्णोद्धाराची वाट न पाहता दरवर्षीची छोटी डागडुजी चुकवू नये. कौल सरकले तेव्हाच ते नीट बसवले तर पुढे छत बदलण्याची वेळ लवकर येत नाही.

संत पेत्राने भाविकांना जिवंत दगड म्हटले आहे. जिवंत दगडांच्या घरातही हाच मोह असतो. आपल्या आजोबांच्या काळातली श्रद्धा तेवढी शुद्ध आणि नंतरचे सगळे भेसळ, असे म्हणणारे आपल्यात असतात. आधीचे सगळे टाकाऊ असे म्हणणारेही असतात. दोघांनाही एकच विचारावेसे वाटते: ज्या गोष्टीला तुम्ही हात लावत आहात ती कोणाला राखते आहे आणि कोणाला झिजवते आहे, हे तुम्ही पाहिले आहे का? उत्तर प्रत्येक भिंतीपाशी वेगळे येईल. पण प्रश्न न विचारता हातात छिन्नी घेणे मात्र कोणालाच शोभणार नाही.